हलक्या परफ्यूमचा खरा भाव

पाच-सहा हजार मोजून आणलेल्या परफ्यूमचा वास दुपारचा डबा उघडायच्या आधीच उडून गेला, ही तक्रार फळाफुलांच्या हलक्या परफ्यूमबद्दल हमखास ऐकू येते. पाठोपाठ शंका येते, बाटली नकली तर नाही ना? बहुतेक वेळा बाटली अस्सलच असते. हा प्रकारच मुळात कमी टिकणारा आहे आणि त्याची गोडीही त्या कमी टिकण्यातच आहे. दुकानात मात्र हे कोणी सांगत नाही. विक्रेता मनगटावर एक फवारा मारतो, पहिल्याच मिनिटाला आपण भुलतो आणि कार्ड पुढे करतो.

म्हणून या प्रकारात बाटलीवरच्या किमतीकडे बघून काही ठरवू नये. तो परफ्यूम मला दिवसाला कितीला पडतो आणि दोन तासांनी अंगावर जे उरतं ते मला आवडतं का, एवढं पाहावं. याची उत्तरं घरबसल्या मिळत नाहीत, पण काढायला अवघडही नाहीत.

उदाहरणाला मी व्हर्साचेचा ‘ब्राइट क्रिस्टल’ घेते. एक तर तो मला मनापासून आवडतो. दुसरं म्हणजे मोठ्या शहरांतल्या बहुतेक परफ्यूम काउंटरवर त्याची टेस्टर बाटली असते, त्यामुळे मी म्हणते ते तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल. तो २००६ मध्ये बाजारात आला. बनवणारे परफ्यूमर अल्बेर्तो मोरियास. १९९४ चा ‘सीके वन’ त्यांनी हॅरी फ्रेमाँ यांच्यासोबत केला आणि २००७ चा मार्क जेकब्सचा ‘डेझी’ही त्यांचाच. मोकळा, हवेशीर वास बांधण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. आणखी एक गोष्ट ग्राहक म्हणून ठाऊक असावी. बाटलीवर नाव फॅशन घराण्याचं असलं तरी परफ्यूम बनवते युरोइटालिया ही इटलीतली दुसरी कंपनी, परवान्यावर. बहुतेक फॅशन ब्रँडच्या परफ्यूमचं असंच असतं. नावाचे पैसे वेगळे आणि आतल्या मालाचे वेगळे, हे इथूनच लक्षात ठेवायचं.

अंगावर तो कसा उलगडतो

पहिला फवारा थंडगार लागतो. युझू या जपानी लिंबूवर्गीय फळाचा आंबट, सालीचा किंचित कडवटपणा असलेला वास आधी येतो. त्याच्या मागोमाग येतं डाळिंब. आता सांगोल्याच्या बागेतलं डाळिंब फोडून नाकाशी धरलं तर काय येतं? जवळजवळ काहीच नाही. ताज्या डाळिंबाला चव भरपूर, वास नावाला. तेव्हा इथलं ‘डाळिंब’ हे परफ्यूमरने मनाने उभं केलेलं आंबटगोड, रसरशीत असं काहीतरी आहे, आणि ते त्यांनी सुरेख साधलंय. गोड आहे, पण त्याचं सरबत होत नाही. या प्रकारातले पुष्कळ परफ्यूम इथेच घसरतात आणि पहिल्या पाच मिनिटांत चॉकलेट-गोळ्यांच्या वासावर येतात.

पंधरा-वीस मिनिटांनी फळ मागे सरतं आणि फुलं पुढे येतात. पिओनी, मॅग्नोलिया, कमळ. पिओनी हे थंड हवेतलं फूल, आपल्याकडच्या बागेत ते दिसत नाही. त्याचा वास गुलाबाच्या जवळचा, पण गुलाबातला मधाळपणा बाजूला काढून पाणी घातल्यासारखा. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातलं झाड, पण सोनचाफ्याची घमघम इथे शोधू नका. हा वास फिका आणि लिंबाकडे झुकणारा आहे. सकाळी आठच्या लोकलमध्ये, दोन्ही बाजूंना माणसं चिकटून उभी असताना, हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. शेजारणीच्या नाकात तो घुसत नाही आणि आपल्याला मात्र जाणवत राहतो.

दोन-अडीच तासांनी उरते ती कस्तुरीच्या जातीची कृत्रिम मस्क, थोडा अंबर आणि महोगनी म्हणून सांगितलेला लाकडाचा कोरडा वास. माझ्या त्वचेवर हा शेवट धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती साडीसारखा स्वच्छ येतो. कोणाला तो आवडतो, कोणाला ‘नुसता साबण’ वाटतो. तुम्ही दुसऱ्या गटात असाल तर ही बाटली तुमच्यासाठी नाही, मग पहिली पाच मिनिटं कितीही सुंदर वाटोत. कारण दिवसातला जास्तीत जास्त वेळ तुम्ही या शेवटच्या वासासोबत काढणार आहात.

वास गेला असं ठरवायच्या आधी दुसऱ्याला विचारून पाहा. एकच वास सतत नाकाशी राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. शिवाय काही मस्क काही माणसांना मुळातच येत नाहीत. नाक ठीक असतं, फक्त त्या एका रेणूपुरतं आंधळं असतं. घरातल्या कोणाला जवळ येऊन सांगायला सांगा. ‘एका तासात उडाला’ म्हणणाऱ्या पुष्कळ जणींच्या अंगावर तो चौथ्या तासालाही असतो. मुंबईच्या दमट हवेत आणि मेच्या उन्हात मात्र तो खरोखरच लवकर जातो. अशा दिवसांत तीन तास धरावेत, थंडीत पाच.

फळ टिकत का नाही

याचं कारण सोपं आहे. फळांचे वास ज्या रेणूंपासून येतात ते हलके असतात आणि चटकन हवेत उडतात. मस्क, अंबर, लाकूड यांचे रेणू जड, ते त्वचेला धरून बसतात. त्यामुळे फळाचा वास दिवसभर टिकेल असं कोणी सांगत असेल तर एक तर ते फळ नसून त्याखाली दडवलेली जड गोड व्हॅनिला असते, नाहीतर सांगणाऱ्याला नुसती विक्री करायची असते.

लिंबू, संत्रं यांच्या सालीतून तेल निघतं. सफरचंद, पीच, डाळिंब यांच्यातून अत्तरापुरतं असं तेल निघत नाही, ते प्रयोगशाळेतच बांधावं लागतं. पीचचा वास देणारं गॅमा-अनडेकालॅक्टोन हे द्रव्य गेर्लां कंपनीच्या १९१९ च्या ‘मित्सुको’ परफ्यूममध्ये वापरलं गेलं, म्हणजे ही विद्या शंभर वर्षांहून जुनी. सफरचंद-पेअरच्या ताज्या वासासाठी हेक्सिल अ‍ॅसिटेटसारखी द्रव्यं लागतात. पिओनीचंही तसंच, त्या फुलातून व्यापारी प्रमाणात तेल मिळत नाही. तेव्हा फळाफुलांच्या परफ्यूमच्या खोक्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ दिसलं आणि त्यासाठी जादा पैसे मागितले, तर सावध व्हा. या प्रकारात कृत्रिम द्रव्य असणं हा दोष नाही. त्याशिवाय हा प्रकार जन्मालाच आला नसता.

आता हिशेब

साधा परफ्यूम स्प्रे एका दाबाला साधारण ०.१ मिली सोडतो. बाटलीगणिक थोडं कमी-जास्त होतं, पण हिशेबाला हा आकडा पुरतो. म्हणजे ३० मिलीत तीनशे फवारे, ५० मध्ये पाचशे, ९० मध्ये नऊशे. हलका परफ्यूम असेल तर रोज चार फवारे लागतात: दोन मानेला, एक मनगटाला, एक ओढणीला किंवा पदराच्या आतल्या बाजूला. या मापाने ३० मिली रोज वापरलं तर अडीच महिने, ५० मिली चार महिने आणि ९० मिली साडेसात महिने जातं.

परदेशी ब्रँडची ९० ते १०० मिलीची हलक्या सुगंधाची बाटली भारतातल्या दुकानांत साधारण सात ते दहा हजारांत मिळते. हिशेबासाठी समजा ९० मिलीला ८,१०० रुपये पडले. मिलीला ९० रुपये, फवाऱ्याला ९ आणि दिवसाला ३६ रुपये. त्याच परफ्यूमची ३० मिलीची बाटली समजा ४,२०० ला मिळाली, तर मिलीला १४० रुपये आणि दिवसाला ५६. कागदावर मोठी बाटली स्वस्त दिसते, आणि विक्रेताही तेच सांगेल.

पण कपाटात पाच-सहा बाटल्या असतील आणि हा परफ्यूम आठवड्यातून दोनदाच लावला जाणार असेल, तर ९० मिली संपायला दोन वर्षांहून जास्त लागतात. एवढ्या काळात युझू-लिंबाचा पहिला टप्पा हवेशी संयोग पावून आंबूस होऊ लागतो. या प्रकारात पहिल्यांदा बिघडतो तो हाच टप्पा, आणि पैसे तर आपण निम्मे त्याच्याचसाठी मोजलेले असतात. म्हणून माझा सल्ला असा: रोज तोच लावणार असाल तर ९० मिली घ्या, अधूनमधून लावणार असाल तर ३०, आणि पहिल्यांदाच घेत असाल तर त्याहूनही लहान. अनेक कंपन्या ५ मिलीच्या छोट्या बाटल्या आणि १० मिलीचे पर्समधले स्प्रे काढतात. त्यांचा मिलीमागचा दर चढा असतो, पण न आवडलेल्या ९० मिलीपेक्षा कधीही परवडतो.

दुकानात हा हिशेब पाठ करून जायची गरज नाही. पाकीटबंद वस्तूंवर किमतीसोबत एका मिलीचा किंवा ग्रॅमचा दर छापणं आता कायद्याने बंधनकारक आहे. खोक्याच्या मागच्या स्टिकरवर तो बारीक अक्षरात असतो. दोन आकारांची खोकी शेजारी धरून तेवढी ओळ वाचा.

सणासुदीच्या गिफ्ट सेटमध्ये ५० मिलीच्या बाटलीसोबत बॉडी लोशन आणि शॉवर जेल येतं. शॉवर जेलची किंमत मनात शून्य धरा, कारण अंगावर पाणी ओतलं की वास गेला. लोशन मात्र खरंच उपयोगाचं आहे. त्याच वासाचं लोशन आधी लावून वर परफ्यूम लावला तर हलका सुगंधही जास्त वेळ धरतो. सेटची किंमत नुसत्या ५० मिलीइतकी किंवा त्याहून पाच-सातशेच जास्त असेल, तर सेट घ्यावा. त्यापुढे नाही.

ईडीटी आणि ईडीपी हा फरकही बिलावर दिसतो. ओ द त्वालेत, म्हणजे ईडीटीमध्ये सुगंधी द्रव्याचं प्रमाण प्रघाताने ५ ते १५ टक्के असतं, ओ द पार्फ्यूम, म्हणजे ईडीपीमध्ये १५ ते २०. कायद्याने ठरवलेली ही टक्केवारी नाही, त्यामुळे नुसत्या या अक्षरांवर विसंबू नये. शिवाय एकाच नावाची ईडीपी म्हणजे त्याच वासाचा दाट अवतार असं नसतं. ‘ब्राइट क्रिस्टल’ ईडीटी आहे. त्याचा ‘अ‍ॅब्सोलू’ हा ईडीपी प्रकार २०१३ मध्ये आला आणि तो अधिक गोड, अधिक भरीव आहे. संध्याकाळच्या लग्नाला तो शोभतो. पण ज्या मोकळेपणासाठी आपण मूळ बाटलीकडे गेलो तो त्यात बराच झाकला जातो. टिकाऊपणासाठी जादा पैसे देताना आपण वेगळाच वास विकत घेतोय, हे भान असू द्यावं.

पैसे जातात कुठे

आयात परफ्यूमवरचं मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० वरून २० टक्क्यांवर नेण्यात आलं. त्या शुल्कावर आणखी १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे बंदरावर हजार रुपये किंमत लावलेला माल या दराने १,२२० चा होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,४४० च्या आसपास. मग आयातदाराचा, वितरकाचा, दुकानाचा नफा, काउंटरवरच्या मुलींचे पगार, मॉलचं भाडं. परदेशात राहणारी बहीण ‘इथे केवढा स्वस्त’ म्हणते, त्याचं बरंचसं उत्तर या साखळीत आहे. पावडर-शाम्पूवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला, परफ्यूम मात्र १८ टक्क्यांतच राहिला.

विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमध्ये घ्यायचा असेल तर इथली किंमत फोनमध्ये टिपून ठेवा. तिथल्या बाटल्या बहुधा मोठ्या असतात, त्यामुळे तुलना मिलीच्या दरानेच करावी. आपल्या दुकानांतल्या दिवाळी सेलमध्ये बँकेच्या कार्डाची सवलत मिळून पुष्कळदा तोच दर पडतो. बहुतेक विमानतळांवर केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. ड्यूटी फ्रीच्या सीलबंद पिशवीला वेगळा नियम असला तरी मध्ये विमान बदलायचं असेल तर ती पिशवी उघडू नका.

कमी पैशांत काय मिळतं

दोनशे-अडीचशे मिलीचे बॉडी मिस्ट हजार-दोन हजारांत मिळतात आणि मिलीचा दर पाच ते आठ रुपयांवर येतो. दर बघून हुरळून जाऊ नका. सुगंधी द्रव्य त्यात अवघं १ ते ३ टक्के असतं, स्प्रेचं तोंड मोठं असतं, आठ-दहा फवारे मारल्याशिवाय काही जाणवत नाही आणि तासाभरात पुन्हा मारावे लागतात. तरी कॉलेजच्या मुलीला, जिममधून निघताना किंवा नुसतं घरी ताजंतवानं वाटायला मिस्ट उत्तम आहे. दहा हजारांची बाटली जिमच्या बॅगेत टाकण्यात काही अर्थ नाही.

भारतीय ब्रँड पाचशे ते तीन हजारांच्या पट्ट्यात आहेत आणि तिथे बघण्यासारखं बरंच आहे. टायटनने २०१३ मध्ये ‘स्किन’ सुरू केलं तेव्हा सुगंध बांधायला युरोपातले नावाजलेले परफ्यूमर घेतले होते, त्यांत हेच अल्बेर्तो मोरियास होते. स्वस्त म्हणजे कमअस्सल हा समज म्हणूनच टाकून द्यावा. या वर्गात पन्नास-शंभर मिलीच्या बाटलीला मिलीमागे साधारण २५ ते ४५ रुपये पडतात. त्याखालच्या पाच-आठशेच्या बाटल्यांत पहिला टप्पा छान असतो, पण शेवट बहुधा एकसारखा गोड मस्कचा. रोजच्या ऑफिसला तेवढंही चालतं. मी तिथे एकच कसोटी लावते, दोन तासांनी डोकं जड होतं का?

‘अमक्या परफ्यूमसारखा’ म्हणून विकली जाणारी तेलं आणि स्प्रे हा वेगळा बाजार आहे. पहिली दहा मिनिटं ते थेट मूळ परफ्यूमसारखे वाटतात, कारण वरचा फळांचा थर जुळवणं तुलनेने सोपं आणि स्वस्त असतं. पुढे फुलांचा टप्पा येतो तिथे पोकळी जाणवते. अंगावर लावून पूर्ण वेळ पाहिल्याशिवाय त्यांना पैसे देऊ नयेत. ‘सेम टू सेम, ताई’ म्हणणारा विक्रेता दहाव्या मिनिटापर्यंत खरं बोलत असतो.

मोहम्मद अली रोडवरच्या किंवा गावोगावच्या अत्तरवाल्याकडे फळाफुलांचा हलकेपणा शोधायला जाऊ नये. पारंपरिक अत्तर फुलं, मुळं, लाकूड यांचा अर्क उतरवून होतं: गुलाब, मोगरा, केवडा, वाळा, हिना. ते त्वचेवर तेलासारखं बसतं आणि सावकाश उमलतं. हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर लावलेल्या थेंबाचा वास संध्याकाळपर्यंत पुरतो, तो यामुळेच. तिथे सफरचंद किंवा पीचचं ‘अत्तर’ मिळालं तर ते कृत्रिम सुगंधी तेल असतं. घ्यायला हरकत नाही, पण अत्तराच्या भावाने घेऊ नका.

काउंटरवर

कागदी पट्टीवर ठरवू नका. पट्टीला ना उष्णता असते ना घाम, तिच्यावर सगळेच परफ्यूम चांगले वागतात. नको असलेले वगळायला पट्टी ठीक आहे. उरलेल्यांतले दोनच अंगावर घ्या, एकेका मनगटावर एकेक, आणि मनगटं एकमेकांवर घासू नका. मग दुकानाबाहेर पडा. भाजी घ्या, चहा प्या, उन्हात चाला. विक्रेती म्हणेल ऑफर आजच आहे. असू दे. अशा ऑफर पुन्हा पुन्हा येतात. बाहेर दोन तास काढून परत मनगट नाकाशी नेलं की उत्तर तिथेच मिळतं. नाक थकलं तर काउंटरवरच्या कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाहीतर सरळ मोकळ्या हवेत जा.

घ्यायचं ठरलं की खोकं उलटं करून वाचा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क आणि सौंदर्यप्रसाधनांच्या आयातीचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. हे स्टिकरच नसेल तर माल कुठल्या वाटेने आला हे तुम्हाला कोणी सांगू शकणार नाही, आणि बिघडला तर विचारायलाही कोणी नाही. ‘टेस्टर, विक्रीसाठी नाही’ असं छापलेल्या बिनबुचाच्या बाटल्या निम्म्या किमतीत देऊ केल्या जातात. त्या घेऊ नयेत.

खोक्याच्या तळाचा बॅच क्रमांक आणि बाटलीच्या तळाचा क्रमांक एकच असतो. नकली मालात तो पुष्कळदा जुळत नाही, किंवा बाटलीवर नसतोच. ‘ब्राइट क्रिस्टल’चं बूच मोठं, पैलू पाडल्यासारखं, पारदर्शक असतं. नकली बाटलीत त्याच्या कडा खरखरीत असतात, आत बुडबुडे दिसतात आणि आतली नळी जाड, दुधाळ असते. अस्सल बाटलीतली नळी द्रवात जवळजवळ दिसेनाशी होते. आणि हो, बाटली बुचाला धरून उचलू नका, बूच हातात येतं आणि बाटली फरशीवर जाते.

जुना साठा ओळखायला एक युक्ती आहे. फुलांच्या परफ्यूममध्ये सर्रास वापरलं जाणारं ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल हे द्रव्य युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून बंद केलं. युरोपात बनलेल्या परफ्यूमच्या खोक्यावरच्या यादीत ते दिसलं तर माल बहुधा त्याआधीचा आहे. त्यावर सवलत मागा, नाहीतर सोडून द्या.

ऑनलाइन घेताना वस्तूच्या पानावर ‘विक्रेता’ म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. नामांकित संकेतस्थळावरही विकणारा तिसराच कोणीतरी असू शकतो. उघडलेला परफ्यूम बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. म्हणून पार्सल फोडताना व्हिडिओ काढा: आधी पत्त्याची चिठ्ठी, मग सील, मग दोन्ही बॅच क्रमांक, एकाही ठिकाणी न थांबवता.

घरी आणल्यावर

बाथरूमच्या फळीवर आणि गाडीच्या डॅशबोर्डवर परफ्यूम ठेवणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. खोक्यासकट कपाटात, अंधारात ठेवा. खोक्यावर उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात ‘३६ एम’ असं असेल तर उघडल्यापासून ३६ महिने असा त्याचा अर्थ. फळांच्या परफ्यूमला मी त्याच्याही आत संपवायचा बेत ठेवते.

अंघोळीनंतर साधं बिनवासाचं लोशन किंवा खोबरेल तेलाचा बारीक हात लावून त्यावर परफ्यूम मारला तर कोरड्या त्वचेपेक्षा तो बराच जास्त धरतो. एवढ्याने दिवसाचे दोन फवारे वाचतात; वरच्या दराने म्हणजे अठरा रुपये. पैठणीवर किंवा कोणत्याही रेशमावर थेट मारू नका, डाग पडला तर जात नाही. मोत्याची नथ, तन्मणी, चिंचपेटी परफ्यूम वाळल्यावरच घाला. अल्कोहोलने मोत्याचं तेज जातं. त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. घरात किंवा ऑफिसात कोणाला दम्याचा त्रास असेल तर बंद खोलीत मारू नये, हलका असला तरी.

फसवणूक झालीच तर

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा स्टिकरच नसलेला माल विकला, तर तक्रार राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते. नकली निघाला, परत घ्यायला नकार दिला, तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो. त्यासाठी लागतात बिल, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, खोकं आणि उरलेली बाटली. बिलाचा फोटो काढून ठेवा, दुकानातल्या थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.